शुक्रवारचा हिरवा

परवा रात्री नऊच्या सुमारास भावजयीचा फोन आला. भाचीच्या सहामाहीचं वेळापत्रक, आईच्या गुडघ्याचं औषध, नळाला दोन दिवसांआड येणारं पाणी, असं सगळं बोलून झालं. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "ताई, शुक्रवारी हिरवा आलाय. नेसू का?"

आम्ही एकाच गावात राहतो. दहा मिनिटांवर तिचं घर. पण हे तिनं गच्चीवर जाऊन फोनवर विचारलं, कारण घरात आई होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा धाकटा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. भावजय एका पतसंस्थेत काउंटरला आहे. तिथं सात जणी. दरवर्षी नवरात्रात रंग पाळतात, फोटो काढतात, स्टेटसला लावतात. यंदाची यादी ग्रुपवर आली तेव्हा एकीनं तिला बाजूला घेऊन अगदी मायेनं सांगितलं, "शुक्रवारी तू आपलं दुसरं काहीतरी नेस गं, आम्ही काही म्हणणार नाही." हे मायेनं सांगितलेलंच जास्त लागतं. कुणी टोमणा मारला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

मी तिला म्हटलं, उद्या सांगते. तेवीस वर्षं पत्रकारिता करून एका साडीच्या प्रश्नाला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. सोमवारी २२ तारखेला घट बसतील, आणि त्याबरोबर दरवर्षीचं भांडणही बसेल. एक गट म्हणणार, हे सगळं बाजारू आहे. दुसरा म्हणणार, बायकांनी जरा हौस केली की तुमच्या पोटात दुखतं. तिसरा म्हणणार, आमच्या परंपरेला हात लावू नका. मी या तिन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वर्षी बोलले आहे. त्यामुळे आज बाजू घेण्याआधी जरा इतिहास बघू. आणि इतिहासात माझाही एक छोटासा गुन्हा आहे, तोही सांगते.

आधी काय होतं ते बघा.

आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी नवरात्र म्हणजे घट. अमावास्येला शेतातली काळी माती आणायची, ती चाळून पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा असं धान्य पेरायचं, मधोमध मातीचा घट. वर रोज एक माळ चढायची. आमच्याकडे तरवडाची पिवळी फुलं असायची, बांधावर फुकट मिळणारी. काही पंचांगांत माळांचा क्रम छापलेला मी पाहिलाय, पहिली पिवळ्या शेवंतीची, दुसरी पांढऱ्या अनंत-मोगऱ्याची, तिसरी निळ्या गोकर्णीची, असा. पण तो क्रम फुलांचा आहे, आणि तो देवीसाठी आहे. बाईनं काय नेसावं याचा नाही.

नेसण्या-वागण्याचे नियम नव्हते असंही नाही. माझी आजी नऊ दिवस अनवाणी असायची. कुणी गादीवर झोपायचं नाही, कुणी उठता-बसता उपास करायचं. जोगवा मागणाऱ्या बायकांच्या गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. घटस्थापनेला गावोगावची पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत यायची, अजूनही येतात, आणि रस्त्यात बायाबापड्या त्यांच्या पायावर पाणी घालतात. तुळजापूरला नवरात्राआधी देवीची मंचकी निद्रा असते. नवरात्रात तिच्या अलंकार पूजा बांधतात, रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. रोज देवीचं रूप वेगळं. पण दर्शनाच्या रांगेत उभ्या बाईनं आज अमुक रंग नेसावा असा दंडक तिथं कधी नव्हता.

मग हे नऊ रंग आले कुठून?

आले मुंबईहून, आणि आले वर्तमानपत्रातून. २००३-०४ च्या सुमारास 'महाराष्ट्र टाइम्स'नं नवरात्रातल्या प्रत्येक दिवसाचा एक रंग छापायला सुरुवात केली. भारतकुमार राऊत तेव्हा संपादक होते. कल्पना साधी होती. त्या त्या रंगाची साडी किंवा ड्रेस घालून ऑफिसमधल्या, लोकलच्या डब्यातल्या, सोसायटीतल्या बायकांनी फोटो काढून पाठवायचा, पेपरानं तो छापायचा. ज्याचा फोटो आला तो अंक घेणार, शेजारणीला दाखवणार, सासरी-माहेरी पाठवणार. पेपर खपवायची ही युक्ती होती हे खरंच आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पेपर चालवायचा तर खपावा लागतो. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ही कल्पना बघून मनातल्या मनात सलामच केला होता.

आता तुमच्याकडे कुणी "हे देवीच्या नऊ रूपांचे शास्त्रोक्त रंग आहेत" असं म्हणालं, तर एक साधी परीक्षा सांगते. घरबसल्या करता येते. गेल्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. २०२३ मध्ये १६ ऑक्टोबरला सोमवार होता, रंग पांढरा. २०२४ मध्ये ७ ऑक्टोबरला सोमवार, रंग पांढरा. यंदा २२ सप्टेंबरला सोमवार, रंग पांढरा. मंगळवार बघा, तिन्ही वर्षी लाल. गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. सात वारांचे सात रंग ठरलेले. दिवस नऊ असल्यामुळे उरलेल्या दोन दिवसांना जांभळा, गुलाबी, मोरपिशी यांतले दोन आळीपाळीनं लावायचे, कारण तोच वार दुसऱ्यांदा येतो आणि रंग तर नवा हवा.

आता देवीच्या बाजूनं मोजा. पहिला दिवस शैलपुत्रीचा. २०२३ मध्ये पहिला दिवस रविवारी आला, म्हणून शैलपुत्री केशरी. २०२४ मध्ये गुरुवारी, म्हणून पिवळी. यंदा सोमवारी, म्हणून पांढरी. तीन वर्षांत एकाच देवीचे तीन रंग. म्हणजे रंग देवीचा नाही, वाराचा आहे. सप्तशतीच्या पोथीत देवीकवचात नऊ दुर्गांची नावं आहेत. भक्तानं कोणत्या दिवशी कोणतं वस्त्र नेसावं याची यादी तिथं नाही. आणि 'रॉयल ब्लू' तर कुठल्याच पोथीत सापडायचा नाही, तो साडीच्या दुकानातला शब्द आहे.

यंदा तर आणखी मजा झालीय. तिथीची वृद्धी असल्यामुळे नवमी दहाव्या दिवशी येतेय, एक ऑक्टोबरला. रंग नऊ आणि दिवस दहा. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दहाव्या दिवसाचा रंग कोणता यावर चार दिवस काथ्याकूट चाललाय. परंपरा खूप जुनी असती तर हा प्रश्न आपल्या पणज्यांनी कधीच सोडवून ठेवला असता.

मुंबईतून हे खाली कसं आलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी एका जिल्हा दैनिकात तालुका प्रतिनिधी म्हणून लागले होते. (त्या दैनिकाचं नाव इथं घेत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही दैनिकात झालं असतं.) दोन-चार वर्षांत सगळ्याच पेपरांनी रंग उचलले. मग टीव्हीवरच्या निवेदिका त्या त्या रंगात दिसू लागल्या. मग शाळा, बँका, तहसील कार्यालय, दवाखाने. मग व्हॉट्सॲप आलं आणि यादीतून पेपरचं नाव गळून पडलं. त्या जागी देवीची चित्रं आली, प्रत्येक रंगासमोर एकेक रूप आलं, खाली "या रंगामुळे अमुक फळ मिळते" अशी ओळ आली. माझ्या डोळ्यांसमोर दहा-बारा वर्षांत एका वर्तमानपत्री उपक्रमाची परंपरा झाली. इतिहासात असं होताना बघायला मिळणं तसं दुर्मीळ.

आणि बाजाराची तर्‍हा बघा. नवरात्राच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत नवं कापड घेऊ नये म्हणून आमची आई साधा रुमाल घेत नाही. आणि दुकानांवर नऊ रंगांचे बोर्ड लागतात नेमके याच पंधरवड्यात, कारण सोमवारी पांढरा हवा तर फॉल-पिको आधी व्हायला पाहिजे. एक रूढी दुसरीला कशी शांतपणे बाजूला सारते, याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही.

आता माझा गुन्हा.

त्या काळात नवरात्रात संध्याकाळी पाचनंतर माझं काम एकच असायचं. आलेले फोटो बघायचे, बरे निवडायचे, नावं लिहून घ्यायची आणि जिल्ह्याला पाठवायचे. बातमीत आकडा चुकला तर चालायचं, पण फोटोखाली नाव चुकलं तर सकाळी सातला फोन. २०१० च्या आसपासची गोष्ट. एका गावच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा फोटो आला. दिवस हिरव्याचा. अकरा जणी हिरव्यात, आणि अगदी कडेला एक बदामी साडीत. डेस्कवरून फोन आला, "कडेची काढ. रंग फुटतोय." मी काढली. माउसची एक ओढ, एवढंच काम होतं. नावं अकरा दिली.

आठ-दहा दिवसांनी पंचायत समितीच्या आवारात एक बाई हसत हसत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, पेपरात माझा हात तेवढा आला बघा." मला कळेना. त्यांनी पर्समधून घडी केलेलं कात्रण काढलं. शेवटच्या हिरव्या साडीच्या खांद्यावर एक हात होता, मनगटापर्यंत. पुढं बाई नव्हती. हातात बांगडी नव्हती.

त्या चिडल्या नव्हत्या. कात्रण जपून ठेवलं होतं त्यांनी. त्यांचा नवरा आदल्या वर्षी गेला होता, त्यामुळे हिरवा नेसल्या नव्हत्या. तरी मैत्रिणींनी फोटोत ओढून उभं केलं होतं. मैत्रिणींनी आत घेतलं आणि मी बाहेर काढलं. मी "सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "अहो, त्यात काय, हात तरी आला."

म्हणून परवा भावजयीनं विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा तो हात आठवला.

आता भांडणाच्या दोन्ही बाजूंकडे बघू. आधी विरोधातली.

पहिला मुद्दा, ही परंपरा खोटी आहे. हो, नवी आहे. पण नवी आहे म्हणून खोटी, हा हिशोब मला आता पटत नाही. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर या इतिहासकारांनी १९८३ मध्ये याच विषयावर पुस्तक काढलं होतं, की जुन्या म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी परंपरा प्रत्यक्षात अलीकडे तयार केलेल्या असतात. आपल्याकडेही बघा. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात आपण १८९३ पासून धरतो. दादरला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९२६ मध्ये सार्वजनिक नवरात्र सुरू केलं, आणि त्यामागे गणेशोत्सवात बहुजनांना, अस्पृश्यांना मान मिळावा यासाठी झालेला झगडा होता. प्रत्येक परंपरेला कधीतरी पहिलं वर्ष होतंच. परंपरेला वय विचारण्यापेक्षा ती कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हे विचारावं.

दुसरा मुद्दा खर्चाचा. तो खरा आहे. नऊ दिवस नऊ साड्या हे कायम नोकरीवालीला जमतं. कंत्राटी नर्सला, शाळेतल्या मदतनीस बाईला नाही. एका कार्यालयात तर रंग चुकला की पन्नास रुपये दंड, आणि जमलेल्या पैशाचे वडापाव, अशी गंमत चालायची. गंमतच होती, पण रोज दंड भरणारी बाई एकच होती, आणि ती तिथली शिपाई होती. ती वडापाव आणायलाही जायची.

तिसरा मुद्दा गृहीत धरण्याचा. माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे, बौद्ध आहे. ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हापासूनचा तो पांढरा आहे. एका नवरात्रात सोमवारी ती सहज पांढरा ड्रेस घालून गेली, तर स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या, "अरे वा, यंदा तुम्ही पण आमच्यात!" तिनं नंतर मला सांगितलं, "मी आधीपासून तुमच्यातच होते की. मला वाटायचं तसं." यावर मला बोलता आलं नाही.

आता बाजूनं.

या रंगांवर विनोद करणाऱ्या पुरुष मित्रांना मी एकच सांगते. तालुक्याच्या गावात बाईचा फोटो पेपरात कधी यायचा? दहावीला पहिली आली तर, नाहीतर थेट निधनवार्तेत. रंगांमुळे पहिल्यांदा खुरपणीच्या टोळीतल्या बायकांचा फोटो आला, दवाखान्यातल्या सफाईवाल्या मावशींचा आला. खाकी गणवेशातल्या एसटीच्या वाहक ताईंनी बांगड्या आणि रुमाल त्या रंगाचा घेतला आणि हसून उभ्या राहिल्या, तोही मी छापलाय. एरवी ज्या बायका एकमेकींशी "चहा झाला का" यापलीकडे बोलत नाहीत, त्या साडीची देवघेव करतात. "तुझी ती मोरपिशी दे, मी तुला जांभळी देते." साडी दिली-घेतली की घर कळतं, घर कळलं की दुखणं कळतं. आमच्या गल्लीतल्या एकीला नवऱ्याचा मार चालू आहे, हे ब्लाऊज मापाला देताना कळलं. तेव्हा चार जणी गेल्या तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात. हे श्रेय रंगांना देऊ नका हवं तर. पण बायकांना एकत्र यायला निमित्त लागतं, आणि निमित्त मिळणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही.

राहता राहिला हिरवा.

रंगांना अर्थ आपण लावतो, आणि आपणच बदलतो. संक्रांतीला काळी चंद्रकळा चालते, एरवी शुभकार्यात काळा चालत नाही. लाल म्हणजे देवीचा, कुंकवाचा, सौभाग्याचा. पण याच महाराष्ट्रात केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला जे आलवण नेसावं लागायचं, ते तांबडंच असायचं. एकच रंग, एकीच्या अंगावर मान आणि दुसरीच्या अंगावर शिक्षा. आणि यादीतला जांभळा घ्या. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला प्रयोग करताना अपघातानं जांभळा कृत्रिम रंग सापडला, आणि पुढं असे रंग स्वस्त होत होत सामान्य माणसाच्या कापडात आले. त्याच १८५६ मध्ये आपल्याकडे विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण रंग घरोघरी पोचला, कायदा मात्र अजून रस्त्यातच आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं आणि विचारलं, की नवरा मेल्यावर बाईला जे नियम, ते बायको मेल्यावर पुरुषाला का नाहीत. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकानंतर एकशे चाळीस वर्षांनी आपल्याला बांगड्यांसाठी ठराव करावा लागला. हेरवाडचं कौतुकच आहे. पण त्या ठरावाची बातमी मी चार कॉलम लावली होती, आणि तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात भावजयीच्या हातात काचेची एक बांगडी नव्हती. तिच्या बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या. कोरोनात अंत्यविधीलाच कुणी नव्हतं, तर फोडणार कोण? तिनं स्वतःच काढून ठेवल्या होत्या. मी बघितलं होतं आणि काही बोलले नव्हते.

तर काल संध्याकाळी मी माहेरी गेले आणि सरळ आईला विचारलं. आई शहात्तर वर्षांची. वडील १९९८ मध्ये गेले, तेव्हापासून तिनं हिरवा नेसलेला नाही. फिकट निळा, बदामी, पांढऱ्यावर बारीक फुलं, एवढंच.

मी म्हटलं, "आई, शुक्रवारी ऑफिसात हिरवा रंग आहे. ती नेसली तर तुला चालेल का?"

आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला विचारायला आलीस? मला कुणी विचारलं होतं?"

मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सोमवारचा कुठला म्हणालीस?"

"पांढरा."

"मग माझं तर रोजच नवरात्र आहे," म्हणाली, आणि शेंगा निवडत राहिली.

हा होकार होता की नकार, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. उगाच गोड शेवट करायला म्हणून होकार म्हणणार नाही. पण उठताना तिनं एवढं सांगितलं, की कपाटात वरच्या कप्प्यात एक हिरवी इरकल आहे, कसर लागली असेल, बघून घ्या.

भावजयीला मी जे सांगितलं ते इथंही लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

मी म्हटलं, नेस. पण यादीत आलाय म्हणून नको नेसू. यादीला अर्थ नाही, ती वारांची यादी आहे. तुला आवडतो म्हणून नेस. शुक्रवारी नेसायचं धाडस झालं नाही, तर बुधवारी नेस, पुढच्या महिन्यात नेस. आणि नेसावंसं वाटलंच नाही, तर तेही तुझंच. फक्त "आपल्याला चालत नाही" म्हणून नको सोडू. आणि फोटोत उभी राहा, कुठल्याही रंगात. कडेला नको, मधे.

ती म्हणाली, "मधे उभी राहिले तर रंग फुटेल की हो, ताई."

फुटू दे म्हटलं.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. नवं काही घेणार नाही, कपाटात आहे त्यातलं त्या रंगाचं असेल तर नेसेन, नसेल तर नाही. कुणालाही "आज रंग नाही का?" असं विचारणार नाही, कारण त्या चार शब्दांचं उत्तर कधीकधी फार मोठं असतं. आमच्या ग्रुपवर दंडाची गंमत निघाली तर पहिली मोडता मी घालणार. आणि माझ्याकडे यंदाही फोटो येतील, ते जसे येतील तसे लावणार. कडा कापणार नाही.

इरकल काल रात्री बाहेर काढली. कसर लागलेली नाही. घडीवर दोन ठिकाणी रंग उडालाय, पण काठ चांगला आहे. भावजयीनं ती गच्चीवर दोरीवर टाकलीय, वास जायला. आज सकाळी आई औषध घ्यायला उठली तेव्हा जिन्यातून वर बघत होती म्हणे. काही बोलली नाही.

शुक्रवारला अजून सहा दिवस आहेत.